बागेचा शब्द आणि बागेचा कागद

गुढीपाडवा आणि अक्षय्यतृतीया जवळ आली की नव्या गृहप्रकल्पांच्या पानभर जाहिराती येऊ लागतात. बारकाईने पाहिल्यास त्यांत घर थोडे आणि हिरवळ फार असते. कारंजे, गुळगुळीत हिरवळीवर धावणारे मूल, झाडाखाली वर्तमानपत्र वाचणारे आजोबा. ग्राहकही त्या चित्राला भुलून प्रकल्पावर जातो, आणि मग तेथे भलत्याच गोष्टी तपासतो. स्वयंपाकघराचा ओटा किती फुटांचा, फरशी कोणत्या कंपनीची, नळ कोणते, चटई क्षेत्र किती, हे सारे दोनदा विचारून होते. ज्या बागेसाठी पाऊल तेथवर आले, तिच्याविषयी प्रश्न निघत नाही. ‘ताब्याच्या वेळी सगळे तयार असेल’ एवढ्या वाक्यावर ती बाग विकली जाते.

व्यापारी कुटुंबे या बाबतीत अधिक सावध असतील असे वाटते. अनुभव उलट आहे. बाजारपेठेत तोंडी शब्दावर लाखोंचा माल उचलला जातो आणि तो शब्द पाळला जातो, कारण देणारा आणि घेणारा दोघेही उद्या पुन्हा त्याच पेढीवर समोरासमोर बसणार असतात. शब्द फिरवणाऱ्याची पत आठवडाभरात बाजारात पडते. घराचा सौदा मात्र आयुष्यात एकदा, फार तर दोनदा होतो. विकासकाला त्या ग्राहकाशी पुन्हा व्यवहार करायचा नसतो, आणि ज्या विक्री प्रतिनिधीने शब्द दिला तो वर्षभरात दुसऱ्या प्रकल्पावर गेलेला असतो. शब्दामागे उभी राहणारी पेढीच तेथे नसते. बाजारातली ही चांगली सवय येथे कामाला येत नाही, एवढेच नव्हे, ती महागात पडते.

सांगलीतील हळदीच्या अडतीचा पिढीजात व्यवसाय असलेल्या एका एकत्र कुटुंबाने पुण्याच्या पश्चिमेकडील एका नव्या प्रकल्पात तळमजल्यावरील सदनिका पाहिली. धाकट्या मुलाची नोकरी पुण्यात. ऐंशीच्या घरातील अण्णा आणि गुडघ्यांनी त्रस्त असलेल्या आजी यांना पावसाळ्याचे चार महिने तरी तेथे राहता यावे, हा हेतू. सदनिकेच्या मागे सुमारे सहाशे चौरस फुटांची ‘खासगी बाग’ होती आणि तिच्यासाठी दरपत्रकात वेगळी, भरभक्कम रक्कम लावलेली होती. बांधकाम जवळजवळ पूर्ण झाले होते; भोगवटा प्रमाणपत्र यायचे होते. थोरल्या मुलाला अक्षय्यतृतीयेलाच करारनामा नोंदवायचा होता.

‘‘अण्णा, मुहूर्त टळला तर भाव वाढेल म्हणतात,’’ तो म्हणाला.

‘‘वाढू दे. हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय आपण ढीग घेतो का कधी? मग जमीन तरी न मोडता कशी घ्यायची? पहिला पाऊस पडू दे.’’

नोंदणी रकमेपुरता धनादेश देऊन कुटुंब थांबले. येथे कायद्याची एक तरतूद त्यांच्या बाजूला होती. २०१६ च्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियमाच्या कलम १३ नुसार, विक्रीचा लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही. सामान्य ग्राहक या तरतुदीकडे केवळ संरक्षण म्हणून पाहतो. वास्तविक तो वाटाघाटींचा काळ आहे. नव्वद टक्के रक्कम अजून ग्राहकाच्या तिजोरीत आहे आणि विकासकाला सही हवी आहे. अशी स्थिती त्या व्यवहारात पुन्हा येत नाही. करार नोंदला गेल्यावर हीच मागणी विनंती होते, ताबा घेतल्यावर तक्रार होते, आणि सोसायटी स्थापन झाल्यावर तिचा ठराव होतो.

जूनच्या शेवटी, सलग दोन दिवस पाऊस होऊन गेल्यानंतर, अण्णा नातवासह प्रकल्पावर गेले. हिरवळ सुंदर होती. ती गुंडाळी करून आणलेली आणि पंधरवड्यापूर्वीच पसरलेली होती. मागच्या भिंतीलगत मात्र पाऊलभर पाणी साचलेले होते. जागेचा उतार बाहेर जाण्याऐवजी इमारतीकडे होता, कारण पलीकडचा अंतर्गत रस्ता नंतर उंच करण्यात आला होता. तेथील अभियंत्याच्या परवानगीने माळ्याकडून तीन ठिकाणी हातभर खोल खड्डे घेतले. वर बोटभर हिरवळ, तिच्याखाली चार-पाच इंच लाल माती, आणि त्याखाली फुटक्या फरशा, गोठलेल्या सिमेंटच्या पिशव्या, विटांचे तुकडे, तारा. म्हणजे बांधकामाचा राडारोडा. हिरवळीच्या एका कोपऱ्यात पाय ठेवला की पोकळ आवाज येई. तेथे सांडपाण्याचे झाकण मातीखाली गाडलेले होते.

हा प्रकार अपवादात्मक समजू नये. इमारत उभी राहताना उरलेला राडारोडा गाडीने बाहेर नेण्यास खर्च येतो. तो जोत्याभोवतीच्या खोलगट भागात लोटून वर माती पसरणे स्वस्त पडते. पुण्याच्या आसपासच्या टेकडीउतारावर एका बाजूचा मुरूम कापून दुसऱ्या बाजूला भराव घालण्याची पद्धत आहे, आणि असा भराव नीट दाबलेला नसेल तर दोन-तीन पावसाळे तो खचत राहतो. फरसबंदी तिरपी होते, आवारभिंतीला तडे जातात, नळ्यांचे सांधे सुटतात. सांगली-मिरज भागातील काळ्या मातीची तऱ्हा आणखी वेगळी: ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावर टेकलेली हलकी भिंत वर्षानुवर्षे वरखाली होत राहते.

मातीची परीक्षा करण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि तितकाच खोल खड्डा घ्यावा, तो पाण्याने भरून जिरू द्यावा, मग पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळचे पाणी चोवीस तासांनंतरही उभे असेल तर त्या जागेत निचरा नाही, हे निश्चित समजावे. दुसरी परीक्षा डोळ्यांनीच होते. इमारतीच्या जोत्यात ओल वर चढू नये म्हणून एक प्रतिबंधक थर घातलेला असतो. बागेची माती त्या थराच्या किमान सहा इंच खाली राहिली पाहिजे. शोभेसाठी भिंतीला टेकवून मातीचे उंच वाफे केले असतील तर त्या थराचा उपयोग संपला. मातीतली ओल त्याच्या वरून सरळ भिंतीत शिरते, आणि आतल्या खोलीचा रंग दुसऱ्याच वर्षी पोपडे धरतो. जमिनीचा उतार भिंतीपासून दूर, दहा फुटांत साधारण दोन ते अडीच इंच, एवढा असला की पाणी थांबत नाही. ओळंबा आणि पाण्याची पारदर्शक नळी घेऊन कोणताही गवंडी तो दहा मिनिटांत मोजून देतो.

साचलेल्या पाण्याचा प्रश्न जैन कुटुंबासाठी केवळ ओलीचा नसतो. पाणी आठ-दहा दिवस उभे राहिले की अंड्यापासून डास तयार होतात, मग फवारणी करणारा दारात येतो. आजींनी पुण्याच्या त्या घराविषयी एकच प्रश्न विचारला होता: ‘‘तिथं औषध मारावं लागणार नाही ना?’’ जेथे जीव मारायचा नाही असे घराने ठरवलेले आहे, तेथे जीव उत्पन्नच होणार नाहीत अशी जमीन आधी करून घ्यावी लागते. वाळवीचेही तसेच. राडारोड्यात फळकुटांचे तुकडे गाडलेले राहिले तर वाळवीला तेथे आयते अन्न मिळते. ती भिंतीपर्यंत पोचल्यावर उरणारे उपाय या घराला मानवणारे नसतात.

आता कागदाकडे. अण्णांनी नातवाकरवी प्रकल्पाची माहिती महारेराच्या संकेतस्थळावर उघडून घेतली. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापणे बंधनकारक आहे. मोबाईलने तो टिपला की त्या प्रकल्पाचे पान उघडते आणि मंजूर रेखांकन पाहता येते. शिवाय मंजूर नकाशे आणि तपशील मागण्याचा हक्क कलम १९ ने ग्राहकाला दिलेलाच आहे. त्यासाठी संकोच करण्याचे कारण नाही. माहितीपत्रकात जी ‘खासगी बाग’ होती, ती मंजूर नकाशात इमारतीभोवतीचे सामासिक अंतर म्हणून दाखवलेली होती. म्हणजे इमारतीच्या चारही बाजूंना नियमानुसार मोकळी सोडावी लागणारी पट्टी. तिचा एक भाग अग्निशमन गाडीच्या वाटेलगत होता.

अशा जागेची मालकी विकासक विकू शकतो काय? अधिनियमाच्या व्याख्येत प्रकल्पाची जमीन, उद्याने, खेळाच्या जागा, मोकळे वाहनतळ हे सारे सामाईक क्षेत्रात मोडते. त्याआधीच, २०१० मध्ये, पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील १९६३ च्या मालकी हक्क सदनिका कायद्याचा अर्थ लावताना स्पष्ट केले होते की, इमारतीखालची खांबांमधली वा उघड्यावरची वाहनतळाची जागा सदनिकेपासून वेगळी काढून विकण्याचा हक्क विकासकाला नाही. तो निकाल वाहनतळाचा होता, बागेचा नव्हे. परंतु जे सामाईक आहे ते एकाला विकता येत नाही, हे त्यामागचे तत्त्व तळमजल्याच्या ‘खासगी’ बागेलाही अडचणीत आणते. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्यात ‘मर्यादित सामाईक क्षेत्र’ अशी एक कल्पना आहे. घोषणापत्रात तशी नोंद असेल तर विशिष्ट सदनिकाधारकाला ती जागा वापरता येते. तेथेही मिळतो तो वापर. बागेच्या नावाने लाखो रुपये मोजणाऱ्याने आपण मालकी घेत आहोत की वापर, हे रक्कम देण्यापूर्वी समजून घेतले पाहिजे. चार वर्षांनी वरच्या मजल्यावरचे सभासद ‘ही जागा सर्वांची’ म्हणत आले, तर ते कदाचित बरोबरच असतील, आणि ज्याने पैसे घेतले तो तोवर निघून गेलेला असेल.

अण्णांनी विकासकाला पत्र लिहिले. दोन पाने, सुवाच्य मराठीत, खाली तारीख आणि सोबत छायाचित्रे. रागाचा एकही शब्द त्यात नव्हता. राडारोडा दोन फूट खोलीपर्यंत काढून शेतातली माती भरावी. भिंतीलगत खडीची चर घेऊन तिच्यात छिद्रांची नळी टाकावी आणि ती पावसाळी पाण्याच्या चेंबरला जोडावी. गाडलेली झाकणे जमिनीच्या पातळीवर आणावीत. बागेखालून जाणाऱ्या सर्व नळ्यांचा नकाशा कराराला जोडावा. आणि बागेसाठी लावलेली वेगळी रक्कम नेमकी कशाची, ते लिहून द्यावे, एवढ्याच मागण्या. विक्री व्यवस्थापकाने दूरध्वनीवर सांगितले, ‘‘आजोबा, हे सगळं ताब्याच्या आधी आम्ही करूनच देतो. पत्राची काय गरज होती?’’ अण्णांचे उत्तर होते, ‘‘करूनच देणार असाल तर लिहून द्यायला हरकत नसावी साहेब.’’

या लिहून घेण्यामागे शंकेखोरपणा नाही, कायद्याची रचनाच तशी आहे. ताब्याच्या तारखेपासून ५ वर्षांच्या आत संरचनेतील, कामातील, दर्जातील किंवा सेवांमधील दोष निदर्शनास आणला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा असे कलम १४ सांगते. ही तरतूद बहुतेकांना ठाऊक असते. तिच्यातील ‘विक्री करारानुसार’ हे शब्द मात्र वाचले जात नाहीत. विकासकाने काय द्यायचे होते हे करारात असेल तर ते न देणे हा सरळ दोष ठरतो. करारात केवळ ‘सुशोभित बाग’ असे असेल, तर चार इंच मातीवरची हिरवळ हीसुद्धा सुशोभित बागच आहे, असे म्हणायला वकील मोकळा. मातीची खोली, निचऱ्याची व्यवस्था, झाडांची संख्या, नळाची जागा हे सारे परिशिष्टात आकड्यांनी लिहिलेले असावे. माहितीपत्रकही फेकून देऊ नये. जाहिरातीतील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला नुकसानभरपाईचा, व्यवहारातून बाहेर पडायचे असल्यास व्याजासह पैसे परत मिळण्याचा हक्क कलम १२ देते. पुरावा म्हणून तेच रंगीत पान कामी येते.

उत्तर यायला पाच आठवडे लागले. माती आणि निचरा विकासकाने मान्य केला. सांडपाण्याची वाहिनी सरकवणे शक्य नव्हते, झाकणे वर आणून नकाशा जोडण्याचे कबूल झाले. मालकीच्या प्रश्नावर बराच खल झाला, आणि अखेरीस बागेची वेगळी रक्कम दरपत्रकातून काढून टाकण्यात आली. करारात आले ते इतकेच की, सदनिकाधारकाने ती जागा बाग म्हणून वापरावी व राखावी, तेथे बांधकाम करू नये, आणि दुरुस्तीसाठी वा आगीच्या प्रसंगी वाट मोकळी ठेवावी. हे जे मिळाले ते सोसायटीच्या संमतीने टिकणारे आहे, याची स्पष्ट नोंदही झाली.

थोरल्या मुलाला हा निकाल पसंत पडला नाही. त्याच्या मते पाच आठवड्यांत कोपऱ्यावरची मोठी सदनिका हातची गेली, सुनेला हवी असलेली कुंपणभिंत गेली, आणि शेवटी ‘खासगी’ हा शब्दही गेला. त्याचे म्हणणे सर्वस्वी चूक नव्हते. अण्णा एवढेच म्हणाले, ‘‘जे त्याचं नव्हतं ते त्यानं आपल्याला विकलं नाही, याचं तुला दुःख आहे का?’’ दसऱ्याला करारनामा नोंदवला गेला. महाराष्ट्रातील नमुना करारात किमतीचा अखेरचा हप्ता ताब्याशी बांधलेला असतो; बागेचे काम त्या हप्त्याआधी पुरे व्हावे, अशी ओळ अण्णांनी आपल्या हाताने घालून घेतली.

वरच्या मजल्यावर घर घेणाऱ्यांनी बागेचा विषय आपला नाही असे समजू नये. मोठ्या प्रकल्पांत बाग बहुधा वाहनतळाच्या छतावर, म्हणजे पोडियमवर असते. एक घनमीटर ओल्या मातीचे वजन सुमारे पावणेदोन टन भरते, त्यामुळे हिशेबापेक्षा अधिक माती तेथे टाकता येत नाही. हिरवळीला फूटभर माती पुरते, झुडपांना दीड-दोन फूट लागते. चित्रातला आम्रवृक्ष तीन फुटांखाली तग धरत नाही. जलरोधक थर बिघडला तर खालच्या गाड्यांवर पाणी ठिबकते आणि दुरुस्तीसाठी अख्खी बाग उपसावी लागते. त्या थराची हमी किती वर्षांची आणि कोणाच्या नावाने, हे विचारावे. मुंबईत रेखांकनातील मनोरंजन मैदान जमिनीवरच असले पाहिजे, पोडियमवरची बाग त्याला पर्याय ठरत नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये दिला, तो मुलांना मातीवर खेळता यावे याच विचाराने. राज्याच्या इतर बहुतेक भागांसाठी लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ४,००० चौरस मीटर वा अधिक क्षेत्राच्या भूखंडावर १० टक्के मोकळी जागा राखावी लागते. ती नकाशात कोठे आहे आणि प्रत्यक्षात तेथे काय उभे आहे, हे दोन्ही पाहावे. विक्री कार्यालय पुष्कळदा नेमके तिच्यावरच बांधलेले आढळते.

झाडांविषयी थोडेसे. जागेवरचे जुने झाड दाखवून घर विकले जात असेल तर ते तोडण्याची परवानगी वृक्ष प्राधिकरणाकडून आधीच घेतली आहे का, हे विचारावे. १९७५ च्या कायद्यानुसार तशी परवानगी लागते. झटपट हिरवे दिसावे म्हणून कुंपणाला लावला जाणारा कोनोकार्पस नाकारावा. त्याच्या मुळांनी नळ्या व गटारे बिघडतात, आणि गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली आहे.

विकासक पत्राला उत्तरच देत नसेल तर महारेराचा सलोखा मंच आहे, पुढे रीतसर तक्रारही आहे. तेथे पहिला प्रश्न येतो तो कागदाचा. म्हणून ताबा घेताना किल्लीसोबत बागेखालच्या जलवाहिन्या, सांडपाणी आणि वीजवाहिन्यांचा प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा मागून घ्यावा आणि त्याची एक प्रत सोसायटीच्या दप्तरी नोंद करून ठेवावी. पुण्याच्या त्या सदनिकेत तो नकाशा चौकट करून मागच्या दाराशी टांगलेला आहे. माळी बदलला की नव्या माळ्याला आधी तो दाखवला जातो, मगच कुदळ दिली जाते.